लवळे : उरले 28 तास

मे महिन्यातला सोमवार, संध्याकाळचे पाच. लवळ्याच्या गावठाणात एका पत्र्याच्या खोलीचे दार शेजारच्या दोघांनी खांदा लावून ढकलले आहे. आत 76 वर्षांच्या आजी पलंगाशेजारी पडल्या आहेत. पंखा बंद आहे आणि खिडकीला आतून कडी आहे. त्याच मिनिटाला गावाबाहेरच्या एका बांधकामावरचा 22 वर्षांचा बिगारी टेम्पोत आडवा आहे आणि टेम्पो टेकडीवरच्या रुग्णालयाचा चढ चढतो आहे.

हे घडलेले नाही. हा एका खेळाचा शेवट आहे आणि तो खेळणाऱ्यांना पहिल्याच मिनिटाला सांगून टाकायचा असतो. पट मी रचला आहे, लवळ्यात तो अजून कोणी खेळलेला नाही. पटावरची माणसे काल्पनिक आहेत. अधूनमधून सूत्रधार जी पाने वाचून दाखवतो, त्यांतल्या घटना मात्र घडलेल्या आहेत.

भूमिका वाटून घेऊन संकट आधीच जगून पाहायची पद्धत जुनी आहे. प्रशियाच्या सैन्याने 1824 मध्ये पटावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आणला. अलीकडे रेड क्रॉसच्या हवामान केंद्राने फासे आणि कडधान्याचे दाणे घेऊन पुराचे अंदाज व मदतीचा निधी यांवरचे खेळ अनेक देशांत खेळवले. उन्हाच्या बाबतीत अशा खेळाची गरज जास्त आहे. पूर दिसतो, भूकंप जाणवतो. उष्णतेच्या लाटेत रस्ते कोरडे आणि घरे उभी असतात. माणसे घराच्या आत, एकेकटी जातात.

लवळे निवडण्याचे कारण गावाच्या रचनेत आहे. मुळशी तालुक्यातल्या या गावात जुने गावठाण आहे. टेकडीवर सिंबायोसिसचा परिसर आणि त्यांचे रुग्णालय आहे, फ्लेम विद्यापीठही याच गावच्या हद्दीत आहे. सूस, नांदे, पिरंगुटकडून बांधकामे सरकत आली आहेत. पुणे परिसराच्या रोजच्या तापमानाच्या यादीत शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा यांच्या जोडीला लवळ्याचाही आकडा छापून येतो. म्हणजे मोजणारे यंत्र गावात आहे, डॉक्टर गावात आहेत, हजारो तरुण मुले गावात आहेत. तरीही खेळातल्या आजी जातात. का, ते शोधायचे आहे.

पट आणि नियम

आठ जण खेळतात, नववा सूत्रधार. भूमिका अशा: सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, वायरमन, बांधकामावरचा मुकादम, नवरीचा बाप, बिगारी आणि आजी.

नियम तीन. पहिला, रोजच्या आयुष्यातली भूमिका कोणी घ्यायची नाही. खऱ्या सरपंचाने बिगारी व्हायचे, खऱ्या आशाताईंनी सरपंच, आणि टेकडीवरच्या वसतिगृहातल्या एखाद्या मुलाने आजी. दुसरा, प्रत्येक थांब्यावर प्रत्येकाने आपण काय करतो ते एका वाक्यात सांगायचे. त्या वाक्यात ‘प्रशासनाने करावे’ चालणार नाही. तिसरा नियम सगळ्यात कडक आहे: आजींनी कोणी काही विचारले तरच बोलायचे.

घड्याळ सुरू.

रविवार, दुपारी 1 : उरले 28 तास

ग्रामसेवकाच्या फोनवर हवामान खात्याचा इशारा येतो. रंग पिवळा. उद्या तापमान 42 अंशांपर्यंत जाण्याची शक्यता. खेळातला हा आकडा पुण्याला अशक्य नाही. शिवाजीनगरला 30 एप्रिल 1897 रोजी 43.3 अंशांची नोंद झालेली आहे.

ग्रामसेवक निरोप गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो. खाली दोन हात जोडलेली चिन्हे येतात, मग पाणीपट्टीची तक्रार, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. दहा मिनिटांत इशारा वर सरकून दिसेनासा होतो. आजींकडे बटणांचा साधा फोन आहे. त्या गटात त्या नाहीत.

सूत्रधार पहिले पान वाचतो. हवामान खाते मैदानी भागात उष्णतेची लाट केव्हा म्हणते? कमाल तापमान किमान 40 असावे आणि सरासरीपेक्षा ते साडेचार अंशांनी वर असावे. हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस असे घडले, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. लाटेची अधिकृत घोषणा येते, तेव्हा शरीराने एक दिवस सोसून झालेला असतो. पिवळा इशारा म्हणूनच मोलाचा. तो वाचून काय करायचे, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आधी लिहिलेले हवे. खेळातल्या गावात भिंत कोरी आहे.

रविवार, संध्याकाळी 6 : उरले 23 तास

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मांडव पडतो आहे. उद्या लग्न, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. आठशे पत्रिका गेल्या आहेत. सरपंचाची भूमिका करणारी आशाताई नवरीच्या बापाला विचारते, “भाऊ, गोरज मुहूर्तावर नाही का ढकलता येणार?”

नवरीचा बाप झालेला वायरमन आधी हसतो, मग गंभीर होतो. “ताई, आचाऱ्याला दुपारचं सांगितलंय, बँडवाल्याचं संध्याकाळी दुसरीकडे बुकिंग आहे, आणि व्याह्यांना आता कोणत्या तोंडानं फोन करू?”

त्याचे उत्तर खोटे नाही. आदल्या संध्याकाळी मुहूर्त बदलणे खरेच अवघड असते. तो फेब्रुवारीत बदलता आला असता, पत्रिका छापायच्या आधी. आजच्या संध्याकाळी जमण्यासारखे एवढेच: मांडवाच्या बाजू मोकळ्या ठेवणे, वाढप्यांना आलटून पालटून सावलीत बसवणे, आणि जेवणाआधी रांगेत पन्हे फिरवणे.

सूत्रधाराचे दुसरे पान खारघरचे आहे. 16 एप्रिल 2023, रविवार. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा नवी मुंबईतल्या खारघरच्या मोकळ्या मैदानावर होता. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, जमले. त्यांतले अनेक आदल्या रात्रीच येऊन बसले होते. व्यासपीठावर छत होते, समोरच्या मैदानावर ऊन. कार्यक्रम दुपारी एकच्या सुमारास संपला. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी 38 अंशांची नोंद होती. उष्माघाताने 14 जण गेले. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या पोटात सहा-सात तास अन्न नव्हते, असे शवविच्छेदनाच्या अहवालांवरून बातम्यांत आले. नंतर शासनाने उन्हाळा उतरेपर्यंत दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली.

पान वाचून झाल्यावर पटाभोवती कोणीतरी हमखास म्हणते, “पण 38 म्हणजे काही फार नाही.” सूत्रधाराने हे वाक्य कागदावर लिहून ठेवायचे. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर निवत नाही. किनारपट्टीसाठी खात्याचा उंबरठा त्यामुळेच 37 अंशांचा आहे. आकडा एकच असला तरी खारघर, नागपूर आणि लवळे इथे त्याचा अर्थ वेगळा होतो.

रविवार, रात्री 11 : उरले 18 तास

पुण्याच्या उन्हाळ्याची कीर्ती त्याच्या रात्रींमुळे होती. दिवसभर तापले तरी संध्याकाळी वारा सुटतो, गच्चीवर अंथरूण टाकले की पहाटे चादर ओढावी लागते. लवळ्याच्या केंद्रावरचे रात्रीचे किमान तापमान मात्र अनेकदा शिवाजीनगर-पाषाणपेक्षा वरचे असते.

आजींच्या खोलीवर पत्रा आहे. शेजारच्या नव्या इमारतीची काँक्रीटची भिंत दिवसभराचे ऊन रात्री परत देते आहे. पूर्वी त्या ओट्यावर झोपत. आता समोरून रात्री उशिरापर्यंत डंपर जातात, अनोळखी माणसांची ये-जा असते, म्हणून दाराला कडी आणि खिडकीलाही कडी.

सूत्रधार विचारतो, “या थांब्यावर आजींशी कोण बोलले?” कोणीच नाही. आजी झालेला मुलगा गप्प बसलेला असतो.

तिसरे पान शिकागोचे आहे. जुलै 1995 मध्ये त्या शहरात पाच दिवसांच्या उष्म्यात 739 माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी त्या मृत्यूंचा माग काढला. एकटी राहणारी, भीतीने दारे-खिडक्या लावून बसलेली म्हातारी माणसे मोठ्या संख्येने गेली होती. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण फार वेगळे होते. जिथे दुकाने चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती, माणसे बाहेर पडत होती, तिथे म्हातारी माणसे जास्त वाचली.

शरीराला रात्री विसावा मिळाला नाही की दुसरा दिवस शून्यापासून सुरू होत नाही. कालची उधारी घेऊनच तो उगवतो. कमाल तापमान 40 च्या पुढे असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त राहिले, तर हवामान खाते उष्ण रात्रीची वेगळी नोंद करते. बातम्यांत छापून येतो तो बहुधा दुपारचाच आकडा.

सोमवार, पहाटे 5 : उरले 12 तास

नळाला पाणी येते. आजी दोन कळश्या भरतात. पितात मात्र अर्धा तांब्या. संडास घराबाहेर, वळणापलीकडे आहे आणि गुडघे दुखतात. दिवसा उठबस नको म्हणून पाणी कमी प्यायचे, ही सवय आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून लागलेली असते. म्हातारपणी तहानेची जाणीवही मंदावते. त्यातून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी आणखी उतरते.

बांधकामावर मुकादम दिवस ठरवतो. त्याच्यापुढे दोन चिठ्ठ्या आहेत. एकीवर लिहिले आहे: सहा ते अकरा काम, अकरा ते चार सुट्टी, चार ते सात पुन्हा काम. दुसरीवर: नेहमीप्रमाणे नऊ ते सहा. पहिली उचलली तर त्याला सिमेंटच्या गाडीची वेळ बदलावी लागेल आणि ठेकेदाराला फोन करावा लागेल. मुकादम झालेले शिक्षक बराच वेळ विचार करून दुसरी उचलतात. “आज स्लॅबची तयारी आहे. एक दिवसानं काय होतंय?”

22 वर्षांचा बिगारी परवाच गावाहून परतला आहे. महिनाभर तो उन्हात राबलेला नाही. शरीराला उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. उष्माघाताने दगावणाऱ्या कामगारांत कामाचे पहिलेच काही दिवस असलेल्यांचे प्रमाण मोठे आढळते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा नियम आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचव्या हिश्श्याइतकेच द्यावे आणि रोज थोडे वाढवावे. हा नियम मुकादमाच्या वहीत लिहायला एक ओळ पुरते. पटावरच्या वहीत हजेरी आहे, उचल आहे, ही ओळ नाही.

सोमवार, सकाळी 8 : उरले 9 तास

आशाताईंची फेरी. त्यांच्या वहीत गरोदर बायका आहेत, लसीकरणाची बाळे आहेत, क्षयाचे रुग्ण आहेत. आशांना कामागणिक मोबदला मिळतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे दार उन्हाळ्यात ठोठावणे हे खेळातल्या वहीत काम म्हणून लिहिलेले नाही.

तरी इथे पट उलटू शकतो. आशाताईंची भूमिका खरा ग्रामसेवक करतो आहे. त्याच्यापुढे फासा आहे. चार किंवा जास्त पडले, तर वाटेत आजींच्या दाराशी थांबायचे. तो फासा टाकतो. तीन.

ही जागा खेळाचा कणा आहे. आजींचा जीव एका फाशावर का टांगला, असे कोणीतरी विचारतेच. सूत्रधाराने तो प्रश्न तसाच परत टाकायचा: गावात एकट्या राहणाऱ्यांची यादी असती, तर फासा टाकावा लागला असता का?

चौथे पान अहमदाबादचे आहे. मे 2010 मध्ये तिथे तापमान 46.8 अंशांवर गेले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. 2013 मध्ये त्या महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. इशाऱ्याच्या प्रत्येक रंगाला कोणत्या खात्याने काय करायचे, कोणी कोणाला फोन करायचा, हे त्यात ठरवून दिले होते. महाराष्ट्रात नागपूर त्या वाटेने गेले. आराखडा असलेल्या वर्षांत अहमदाबादेत दरसाल हजाराहून जास्त मृत्यू टळले, असा अंदाज अभ्यासकांनी नंतर मांडला. त्या कामात महागडे असे फारसे काही नव्हते. माठ, फलक, प्रशिक्षण आणि फोन नंबरांची यादी एवढ्यावरच सुरुवात झाली होती.

सोमवार, सकाळी 10:30 : उरले साडेसहा तास

गावठाणातल्या डीपीवर भार वाढला आहे. घराघरांत कूलर लागले आहेत आणि मांडवाची जोडणीही याच डीपीवरून गेली आहे. वायरमनला दोन ठिकाणांहून बोलावणे आहे: इथला फ्यूज सारखा उडतो, आणि तिकडे टेकडीच्या पायथ्याच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली आहे. सोसायटीतून फोन करणारे बारा आहेत, गावठाणातून दोन.

वायरमन सोसायटीकडे जातो. भूमिकेत बसलेल्या मुलीला यात काही चुकीचे वाटत नाही, कारण तिच्यापुढे फोनची संख्या आहे. पावणेअकराला गावठाणाची वीज जाते आणि आजींचा पंखा थांबतो.

सोमवार, दुपारी 12:35 : उरले 4 तास 25 मिनिटे

अक्षता पडतात, ताशा वाजतो. मंगलाष्टके ताणली जातात, कारण मामा अजून पोचलेले नाहीत. मांडवाच्या कापडाखाली माणसे दाटीने उभी आहेत. पाणी आहे, पण ते जेवणाच्या पंगतीकडे. एका आजोबांना भोवळ येते. चपळ पोरे त्यांना उचलून खुर्चीवर बसवतात आणि भोवती गराडा घालतात. कोणीतरी कांदा हुंगवतो. 108 ला फोन जातो.

आजोबांना घाम आहे, बोलणे नीट आहे, त्यांना थकवा आला आहे. सावलीत आडवे करून पाय उंच ठेवणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि साखर-मिठाचे पाणी घोटाघोटाने पाजणे, यावर ते तिथेच सावरले असते. प्रमाण एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मांडवात साखरेची गोणी आणि मिठाचा डबा दोन्ही आहेत. ते मिसळायचे आचाऱ्याला कोणी सांगितले नाही. रुग्णवाहिका येते आणि आजोबांना घेऊन पुण्याच्या दिशेने जाते.

सोमवार, दुपारी 2 : उरले 3 तास

बिगारी चिडचिड करू लागतो. पाटी वाकडी धरतो, सोबत्याला शिवी देतो, चालताना झोकांडी जाते. मुकादम ओरडतो, “सकाळीच टाकून आलास काय रे? जा, तोंड धू.”

पूर्ण 28 तासांतली सर्वांत महागडी चूक ही आहे, आणि ती अगदी साधी दिसते. मेंदू तापला की माणूस गोंधळतो, भांडतो, असंबद्ध बोलतो. बघणाऱ्याला तो प्यालेला वाटतो. शरीराच्या आतले तापमान 40 च्या पुढे गेले आणि वागण्यात फरक पडला, की तो उष्माघात. कष्टाच्या कामात अंगाला घाम असतानाही तो होऊ शकतो. “घाम येतोय म्हणजे ठीक आहे” ही समजूत त्यामुळे धोक्याची.

सूत्रधार मुकादमाला विचारतो, “त्याला विचारलंत का, आज वार कोणता?” एवढा एक प्रश्न पुरला असता.

सोमवार, दुपारी 3:20 : उरला 1 तास 40 मिनिटे

बिगारी कोसळतो. अंग तव्यासारखे तापलेले आहे आणि हाकेला ओ नाही. मुकादम 108 लावतो. जवळची गाडी पुण्याहून परतीच्या वाटेवर आहे, चाळीस मिनिटे लागतील. सगळे त्याच्याभोवती उभे राहून रस्त्याकडे पाहतात.

त्यांच्या मागे पाच हजार लिटरचा टँकर उभा आहे. काँक्रीटवर मारायची रबरी नळी जोडलेली आहे. शेजारी मालाचा टेम्पो आहे. समोर टेकडीवर रुग्णालयाची इमारत दिसते आहे.

उष्माघातात क्रम ठरलेला आहे: आधी गार करा, मग हलवा. कपडे सैल करून अंगावर सतत पाणी ओतायचे, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत धरायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. पहिल्या अर्ध्या तासात अंग उतरले तर बहुतेक जण वाचतात. नंतरचे प्रत्येक मिनिट मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूच्या खात्यातून जाते.

सरपंचाची भूमिका करणारी आशाताई इथे राहवत नसल्याने ओरडते, “अहो, पाणी ओता त्याच्यावर!” सूत्रधार नियम दाखवतो, सरपंच त्या वेळी लग्नात जेवायला बसलेले आहेत. बिगारीच्या भूमिकेत खरे सरपंच आहेत आणि ते जमिनीवर आडवे पडून हे सगळे ऐकत आहेत.

सोमवार, दुपारी 4 : उरला 1 तास

आजींचा मुलगा हिंजवडीतून फोन लावतो. तो पटावर नाही, त्याचा फक्त एक फोन आहे. घंटी वाजून थांबते. तो शेजारी फोन करतो. “आजी झोपल्या असतील, उन्हाचं दार लावून घेतलंय त्यांनी,” शेजारीण म्हणते. तिचेही खोटे नाही. सगळ्या गल्लीने दारे लावून घेतली आहेत.

मुकादम अखेर टेम्पोकडे बघतो. फासा टाकायचा: चार ते सहा पडले तर आधी टँकरची नळी, मग टेम्पो. एक ते तीन पडले तर नुसताच टेम्पो, तोही अर्ध्या तासाने.

सोमवार, संध्याकाळी 5 : शून्य

दार ढकलले जाते. पुढचे सुरुवातीलाच सांगितले आहे.

दाखल्यावर मृत्यूचे कारण काय पडेल? बहुधा हृदयविकार. म्हातारे माणूस घरात एकटे गेले आणि आतले तापमान कोणी वेळेत मोजले नाही, तर ऊन कागदावर येत नाही. मैदानावर हजारोंच्या डोळ्यांदेखत मेलेल्यांची मोजदाद होते, बंद दाराआडच्यांची होत नाही. अहमदाबादचे 1,344 सुद्धा अभ्यासकांना सापडले ते महिन्याच्या एकूण मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना केल्यावर.

आता सूत्रधार आजी झालेल्या मुलाला पहिल्यांदा विचारतो, “अठ्ठावीस तासांत तुमच्याशी कोण बोललं?” त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. कोणीही वाईट वागले नाही. ग्रामसेवकाने निरोप टाकला, वायरमन कामावर होता, आशाताईंनी फेरी केली, मुलाने फोनही केला. प्रत्येकाने आपले काम केले आणि आजी कोणाच्याच कामात बसल्या नाहीत.

घड्याळ उलटे फिरवा

खेळाचा दुसरा डाव याच पटावर, याच माणसांनी खेळायचा. फरक एकच. प्रत्येकाला एक निर्णय बदलायची मुभा, आणि त्या निर्णयाला लागणारा खर्च, माणूस आणि फोन नंबर त्याने तिथेच सांगायचा. यादी सहज तयार होते: एकट्या राहणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकासाठी दोन शेजारी, पिवळ्या इशाऱ्याला दवंडी किंवा मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून निरोप, दुपारभर उघडी ठेवायची एक गार खोली, शाळेची किंवा मंदिराची, वायरमनसाठी गल्ल्यांचा प्राधान्यक्रम, बांधकामांसाठी दुपारची सुट्टी, मांडवात साखर-मिठाचे पिंप, आणि टेकडीवरच्या रुग्णालयाशी आधीच झालेले बोलणे, की उष्माघाताचा माणूस घेऊन टेम्पो आला तर तो कोणत्या दाराशी थांबेल.

पॅरिसने हेच मोठ्या प्रमाणावर केले. 2003 च्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसे गेली होती. त्या धड्यानंतर वीस वर्षांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये, शहरात 50 अंश तापमान झाले आहे असे धरून दोन विभागांत रंगीत तालीम घेतली गेली. शाळेतल्या मुलांना बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या गार बोगद्यात नेऊन पाहिले. पॅरिसमध्ये तोवर 50 अंश कधी नोंदले गेलेले नव्हते. तालमीला त्याची वाट पाहण्याची गरज नसते.

आपल्याकडे रंगीत तालीम म्हटले की सायरन, अग्निशमनाची गाडी आणि फोटो. त्यात गणवेशातली माणसे काम करतात आणि गाव बघत उभे राहते. उष्णतेच्या संकटात गणवेश सगळ्यांत शेवटी पोचतो. त्याआधीचे सगळे निर्णय मुकादम, आचारी, शेजारीण आणि नवरीचा बाप घेतात. तालीम त्यांची व्हायला हवी. भूमिका बदलून खेळायचे कारणही तेच. आपल्या खुर्चीतून आपला निर्णय नेहमी रास्त दिसतो. तो दुसऱ्याच्या अंगावर कसा पडतो, हे जमिनीवर आडवे पडून ऐकले की कळते.

खेळाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. पत्रा काढून कौले घालायला, घरात संडास बांधायला, बिगाऱ्याला दुपारच्या सुट्टीची मजुरी द्यायला पैसा आणि कायदा लागतो. फाशाने ते होणार नाही. पण कोणत्या गल्लीतल्या कोणत्या पत्र्यावर आधी पैसा लावायचा, हे गाव एकमेकांच्या समोर बसून ठरवू शकते.

लवळ्यासह मुळशीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला विनंती आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा खेळ घ्या. 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत थांबलात, तर निम्मा उन्हाळा होऊन गेलेला असेल आणि मुहूर्त छापले गेलेले असतील. टेकडीवरच्या विद्यार्थ्यांना पट काढायला बोलवा, रुग्णालयातल्या एखाद्या परिचारिकेला सूत्रधार करा. नऊ माणसे, एक फासा आणि दोन तास लागतात. खेळ संपल्यावर एकट्या राहणाऱ्यांची यादी लिहून झाल्याशिवाय कोणी सभेतून उठू नये.